थलस्सेरीचा वकील, आमदार आणि न्यायाधीश: कृष्ण अय्यर यांचे निकाल आपल्या घरापर्यंत कसे आले

जामीन मंजूर झाला, पण माणूस घरी आला नाही, हे आपल्या वस्त्यांमध्ये नवीन नाही. ऑर्डर हातात असते, घरात शुक्राने अदा केलेले असतात, आणि मग कळतं की कोर्टाला स्थानिक जामीनदार हवाय. मामा तयार आहेत, पण ते दुसऱ्या जिल्ह्यातले. शेजारी तयार आहेत, पण त्यांच्या नावावर घर नाही. असे आठवडे जातात, कधी महिने.

अगदी हाच प्रश्न १९७८ साली सुप्रीम कोर्टासमोर आला होता. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गरीब गवंडी. सुप्रीम कोर्टाने जामीन दिला होता, पण खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. गवंड्याचा भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात म्हटलं की देश एक आहे, जिल्हा बदलला म्हणून माणूस परका होत नाही आणि गवंड्याकडे दहा हजारांची मागणी करणं म्हणजे दिलेला जामीन परत काढून घेणं आहे. मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा हुकूम झाला.

या न्यायाधीशाचं नाव आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच संदर्भात निघतं, ते म्हणजे मुस्लिम तलाकपीडितेची पोटगी. त्यावर अजून वाद होतो, आणि तो व्हायलाही हवा. पण पूर्ण माणूस बघितल्याशिवाय तो वाद नीट करता येत नाही, असं आम्हाला वाटतं.

व्ही. आर. कृष्ण अय्यर हे पलक्कडच्या तमिळ ब्राह्मण घराण्यातले. वडील कोयिलांडीला वकिली करत. मुलगा मद्रासच्या लॉ कॉलेजातून शिकून उत्तर मलबारमधल्या थलस्सेरीला आला आणि १९३८ च्या सुमारास तिथल्या कोर्टात उभा राहू लागला. थलस्सेरी हे समुद्रकाठचं छोटं शहर. मिरीचा जुना व्यापार, मापिला मुसलमानांच्या जुन्या मशिदी, मोठी बाजारपेठ आणि इंग्रजांच्या काळापासूनचं जिल्हा कोर्ट. अशा गावात वकिलाला सगळे ओळखतात आणि वकीलही सगळ्यांना ओळखतो. कुणाचं शेत कुणी बळकावलं, कोण कुणाचं कूळ, कुणाची मुलगी माहेरी येऊन बसली, हे फाइल उघडण्याआधीच माहीत असतं.

त्या भागात तेव्हा शेतकरी आणि विडी कामगारांच्या चळवळी जोरात होत्या. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांवर खटले पडत आणि अय्यर ते चालवत. १९४८ मध्ये कम्युनिस्टांना कायदेशीर मदत केली, या आरोपावरून त्यांनाच सुमारे महिनाभर तुरुंगात ठेवलं गेलं. वकील म्हणून आत जाणं वेगळं आणि कैदी म्हणून आत राहणं वेगळं. तुरुंगाविषयी त्यांनी पुढे जे निकाल दिले, ते वाचताना हा महिना आठवतो. ज्याने आतली भांडी, आतला वास आणि आतली शिवी अनुभवली आहे, त्याला अधीक्षकाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं वाटत नाही.

१९५२ मध्ये ते कूथुपरंबा मतदारसंघातून मद्रास विधानसभेवर निवडून गेले, कोणत्याही पक्षाचं तिकीट न घेता. केरळ राज्य झाल्यावर १९५७ मध्ये थलस्सेरीतून अपक्ष म्हणून, कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर. ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांच्या त्या पहिल्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. त्यांच्याकडे कायदा, वीज, पाटबंधारे, तुरुंग अशी खाती होती. गरिबांना सरकारी खर्चाने वकील मिळावा यासाठीचे नियम केरळमध्ये याच काळात आले. देशभर हा विषय कायद्यात यायला त्यानंतर तीन दशकं लागली.

३१ जुलै १९५९ ला केंद्राने ते सरकार बरखास्त केलं. मंत्रिपद गेलं आणि अय्यर पुन्हा काळा कोट चढवून कोर्टात गेले. १९६० च्या निवडणुकीत ते थलस्सेरीत फक्त सात मतांनी हरले. त्यांनी निवडणूक याचिका केली आणि १९६१ मध्ये त्यांनाच विजयी घोषित करण्यात आलं. सात मतांवरून वर्षभर कोर्टात झगडणाऱ्या माणसाला एकेका मताची आणि एकेका कागदाची किंमत कळत असणार. १९६५ ला मात्र ते सरळ हरले. मग एर्नाकुलमला हायकोर्टात वकिली आणि जुलै १९६८ मध्ये केरळ हायकोर्टाचे न्यायाधीश.

आमदारकी आणि मंत्रिपद केलेला माणूस न्यायाधीश व्हावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. १९७३ मध्ये त्यांना सुप्रीम कोर्टात घ्यायचं ठरलं, तेव्हा मुंबईच्या नामवंत वकिलांनी विरोध केला. त्यात सोली सोराबजीही होते. पुढे सोराबजींनी आपली ती चूक होती हे मोकळेपणाने मान्य केलं. आम्हाला हा प्रश्न आजही रास्त वाटतो. राजकारणातून खंडपीठावर आणि खंडपीठावरून राजकारणात होणारी ये-जा आपण पाहतोच आहोत, आणि त्यातून सगळ्यांचंच भलं होतं असं नाही. पण अय्यर यांच्या बाबतीत एक दिवस लक्षात ठेवायला हवा.

१२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली. सुप्रीम कोर्टाला उन्हाळी सुट्टी होती आणि सुट्टीतले न्यायाधीश होते अय्यर. त्यांनीच नंतर लिहिलंय की कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी भेटीसाठी फोन केला, तेव्हा त्यांनी भेटायची गरज नाही, अर्ज रजिस्ट्रारकडे द्या, असं सांगितलं. पंतप्रधानांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले. २४ जूनला निकाल आला. पंतप्रधान म्हणून राहता येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही, भत्ता घेता येणार नाही. पूर्ण स्थगिती मागितली होती, ती मिळाली नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी लागली.

आता आपल्या घरातल्या विषयाकडे येऊ.

केरळ हायकोर्टात असताना त्यांच्यापुढे एक खटला आला. कायद्याच्या पुस्तकांत तो यूसुफ राऊथर खटला म्हणून प्रसिद्ध आहे. मुलीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं, नवरा जवळजवळ दुप्पट वयाचा. लग्नानंतर तो धंद्यासाठी कोइंबतूरला गेला. महिन्याभरात मुलगी माहेरी परतली. का परतली, याचा दोष दोघे एकमेकांवर टाकत होते. दोन वर्षांहून जास्त काळ नवऱ्याने खर्च दिला नाही, हे त्याने स्वतः कबूल केलं. त्याचं म्हणणं इतकंच की मी नांदवायला तयार होतो, हीच आली नाही.

१९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा म्हणतो की नवऱ्याने दोन वर्षं पोसलं नाही तर बायको कोर्टातून निकाह तोडून मागू शकते. हा कायदा काही इंग्रजांनी वरून लादला नव्हता. हनफी फिक्हमध्ये अडकून पडलेल्या बायकांना वाट मिळावी म्हणून उलेमांनीच मालिकी फिक्हचा आधार शोधला आणि त्यातून तो आला, हे आपल्या नव्या पिढीला क्वचितच सांगितलं जातं. प्रश्न असा होता की चूक बायकोची असेल तरी तिला हा हक्क आहे का? अय्यर यांनी हो म्हटलं. दोन वर्षं खर्च दिला नाही म्हणजे संसार मोडलेलाच आहे, मग कोणामुळे हे उकरत बसू नका.

याच निकालात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. मुसलमान नवऱ्याला मनात येईल तेव्हा, एका दमात तलाक देण्याचा बेबंद अधिकार आहे, ही समजूत इस्लामच्या शिकवणीशी जुळत नाही. कुरआन संसार टिकवायला सांगतो आणि समेटाचा प्रयत्न आधी घालतो. इंग्रजी कोर्टांनी आणि गैरसमजांनी हे झाकून टाकलं, असा त्यांचा सूर होता. एक गैरमुस्लिम न्यायाधीश इस्लामवर टीका करत नव्हता, उलट इस्लामची बाजू मांडून आपल्यातल्या एका रिवाजावर बोट ठेवत होता. २००२ च्या शमीम आरा निकालात आणि २०१७ च्या शायरा बानो निकालात हा जुना निकाल पुन्हा वाचला गेला.

मग १९७९ चा बाई ताहिरा खटला, आणि तो तर आपल्या मुंबईतला. १९५६ मध्ये ती दुसरी बायको म्हणून त्या घरात आली होती, एक मुलगा झाला. १९६२ मध्ये तलाक झाला. फ्लॅटचा वाद होता, त्यात तडजोड झाली आणि पाच हजार मेहेर व १८० रुपये इद्दतचा खर्च त्यातच वळता केला गेला. पुढे तिने पोटगी मागितली. मॅजिस्ट्रेटने तिला आणि मुलाला दरमहा पैसे मंजूर केले. वरच्या कोर्टांनी ते उडवलं. सुप्रीम कोर्टात अय्यर यांनी ते पुन्हा बसवलं.

मुद्दा समजून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद यातूनच निघाला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये घटस्फोटित बायकोलाही पोटगीचा हक्क होता. पण मुस्लिम संघटनांच्या आक्षेपानंतर कलम १२७ मध्ये एक तरतूद आली: रिवाज किंवा व्यक्तिगत कायद्यानुसार तलाकच्या वेळी द्यायची सगळी रक्कम बायकोला मिळाली असेल, तर पोटगीचा हुकूम रद्द होईल. नवरे म्हणू लागले, मेहेर दिला, संपलं. अय्यर म्हणाले, ती रक्कम अशी हवी की तिच्यावर ती बाई खरोखर जगू शकेल. पाच हजाराचं व्याज किती आणि त्यात मुंबईत महिना कसा निघणार? वर्षभराने फुजलुनबी खटल्यात बँकेत अधिकारी असलेल्या नवऱ्याने ५०० मेहेर आणि ७५० इद्दतचे देऊन हात झटकले होते. तिथे अय्यर यांनी आधीचा निकाल न पाळणाऱ्या हायकोर्टालाही चांगलंच सुनावलं.

आमच्या मते या निकालांत एक खरा कच्चा दुवा आहे. मेहेर ही तलाकची किंमत नाही. निकाह होताच तो बायकोचा हक्क होतो, नवरा जिवंत असो, मरो की सोडो. तो पोटगीच्या बदल्यात तोलणं फिक्हच्या दृष्टीने बरोबर नाही, आणि हा आक्षेप आपल्या आलिमांनी घेतला तो बिनबुडाचा नव्हता. पण त्याच दमात हेही विचारायला हवं की मेहेर पाचशे रुपये बांधणारे आपण, तलाकनंतर सूरह बकरहच्या २४१ व्या आयतीतला 'मताअ' किती जणांनी दिला? अय्यर यांनी कायद्याची गाठ चुकीच्या ठिकाणी सोडवली असेल, पण उपाशी बाई त्यांनी कल्पनेतून आणली नव्हती.

या दोन निकालांवर शंका घेऊनच पुढचं प्रकरण पाच न्यायाधीशांकडे गेलं, ते १९८५ चं शाहबानो. मग १९८६ चा कायदा, मग २००१ मध्ये डॅनियल लतीफी निकाल, ज्यात कोर्टाने म्हटलं की इद्दतच्या आत पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करून द्यायला हवी. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तलाकशुदा मुस्लिम बाईला कलम १२५ खालीही दाद मागता येते असं सांगितलं. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी आपण पुन्हा बाई ताहिराच्या दारात येऊन उभे आहोत.

तुरुंगाचे निकाल मात्र असे आहेत की त्यावर आपल्यात दुमत नसावं. 'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' हे वाक्य आज प्रत्येक वकील म्हणतो, ते अय्यर यांच्या १९७७ च्या निकालातून रुळलं. तिहारमधल्या एका फाशीच्या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं, ते पत्रच त्यांनी याचिका म्हणून घेतलं. बेड्या घालायच्या तर कारण लिहून ठेवा, सरसकट नाही, हे १९८० मध्ये. त्या प्रकरणाची सुरुवात तर एका कैद्याच्या तारेने झाली होती. महाराष्ट्रातून गेलेल्या होसकोट खटल्यात, १९७८ मध्ये, कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे, असं ठरलं. त्या प्रकरणात शिक्षा भोगून झाली तरी अपिलाचा पत्ता नव्हता. दहशतवादाच्या आरोपाखाली वर्षानुवर्षं आत राहून निर्दोष सुटलेली आपली मुलं आणि त्यांच्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या मारणाऱ्या आया, यांना या चार निकालांची किंमत वेगळी समजवायला नको.

एक निकाल गटारांचाही आहे. मध्य प्रदेशातलं रतलाम शहर. उघडी गटारं, संडास नाहीत म्हणून रस्त्यावर घाण, वर दारूच्या कारखान्याचं सांडपाणी. लोकांनी मॅजिस्ट्रेटकडे तक्रार केली. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. अय्यर यांनी जुलै १९८० मध्ये लिहिलं की पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला नाही, लोकांच्या आरोग्याचं कर्तव्य टाळता येत नाही. भिवंडी किंवा मालेगावात राहणाऱ्याला या निकालाचा वास लगेच येईल. छोट्या शहराचा आमदार राहिलेल्या माणसालाच गटार हा कायद्याचा प्रश्न वाटू शकतो, असं आपलं आम्हाला वाटतं.

(त्यांची इंग्रजी मात्र भयंकर होती. स्वतःच शब्द बनवायचे. गरिबांसाठी लिहिलेला निकाल गरिबाच्या वकिलालाही डिक्शनरी घेऊन वाचावा लागे.)

१४ नोव्हेंबर १९८० ला ते निवृत्त झाले आणि कोचीला राहिले. १९८७ मध्ये विरोधकांच्या वतीने राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि आर. वेंकटरमण यांच्याकडून हरले. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर जो नागरिकांचा न्यायाधिकरण बसला, त्याचे ते अध्यक्ष होते. त्यात आपल्या महाराष्ट्रातले न्या. पी. बी. सावंत आणि न्या. होस्बेट सुरेशही होते. दोन हजारांहून अधिक जबान्या घेऊन त्यांनी अहवाल दिला आणि राज्य सरकारला जबाबदार धरलं. त्या वेळी अय्यर यांचं वय सत्याऐंशीच्या आसपास होतं.

आणि याच अय्यर यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये पंतप्रधानपदासाठी नरेंद्र मोदींना पाठिंबा देणारं पत्र लिहिलं. अनेकांना धक्का बसला, आम्हालाही. त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण आमच्याकडे नाही आणि शोधून आणायची इच्छाही नाही. २०११ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या केरळच्या आयोगाने दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर दंड किंवा कैद, अशी शिफारस केली होती. मुस्लिम लीग आणि चर्च दोघांनी तिला विरोध केला. मोतीरामला सोडणाऱ्या माणसाने तिसऱ्या मुलासाठी आई-बापांना तुरुंग सुचवावा, हे त्यांच्याच आधीच्या निकालांशी विसंगत होतं.

४ डिसेंबर २०१४ ला, शंभरीच्या उंबरठ्यावर, कोचीत त्यांचं निधन झालं.

आज ही कलमं वापरायची असतील तर नंबर बदललेत, ते घरात कुठेतरी लिहून ठेवा. पोटगीचं कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. गटार-घाणीसाठीचं जुनं कलम १३३ आता १५२. जामिनाबद्दल सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला पुन्हा सांगितलंय की जामीन मिळून महिना झाला तरी माणूस सुटला नाही, तर कोर्टाने अटी सैल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. वकिलाला ही तारीख सांगा. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाई, मूल आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतर काहींसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुका किंवा जिल्हा कोर्टाच्या आवारातच, विधी सेवा कार्यालयात द्यायचा. फोनवर विचारायचं तर १५१००.